लेबल तयार झालं, पेन अजून कपाटातच

हे एकाच ऑर्डरचं प्रकरण आहे, माझ्याच. सांगितले होते १६ आठवडे म्हणजे ११२ दिवस, आणि पेन हातात पडलं २५१ व्या दिवशी. मधल्या काळात मी जे केलं त्यातलं काही बरोबर होतं, काही साफ चुकलं, आणि एक गोष्ट तर खूप उशिरा कळली, ती म्हणजे मी ज्या पद्धतीने चौकशी करत होते त्यामुळेच उशीर अजून वाढला. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून ठेवतेय. हाताने बनवलेलं फाउंटन पेन ऑनलाइन मागवणाऱ्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच, आणि तेव्हा थांबावं की पैसे परत मागावेत हे काही केल्या ठरत नाही, सकाळ-संध्याकाळ ट्रॅकिंग उघडून बघत बसणं एवढंच होतं.

बनवणाऱ्याचं नाव देत नाही. एकट्या माणसाचं वर्कशॉप आहे. रॉड कातणं, लाख चढवणं, निब बसवणं, फोटो काढणं, मेलला उत्तरं देणं, पार्सल बांधणं, सगळं तेच करतात. मी पैसे पूर्ण आणि आधीच भरले, पेपालवरून. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं कारण त्यांची आधीची पेनं मी दोन जणांच्या हातात बघितली होती, एकाने लिहून बघितलं होतं, काम खरंच देखणं होतं.

मागवलं काय होतं

एबोनाइटचं पेन, वरून उरुशी म्हणजे जपानी लाख, १४ कॅरेटची मध्यम निब. हे तीन शब्द नीट समजून घेतले तर पुढचा निम्मा उशीर समजतो, म्हणून जरा इथे थांबते.

एबोनाइट म्हणजे नैसर्गिक रबरात भरपूर गंधक घालून, तापवून कडक केलेला पदार्थ. लेथवर छान कातला जातो, हातात गार लागत नाही, पण उजेडात आणि दमट हवेत राहिला की चकाकी जाते आणि काळ्याचा मातकट तपकिरी होतो. यावर जपानमध्ये उपाय निघाला तो लाखेचा. १९१८ साली सुरू झालेली नामिकी कंपनी, म्हणजे आजची पायलट, त्यांनी १९२० च्या दशकात एबोनाइटच्या पेनांवर उरुशी चढवायला सुरुवात केली. दिसायला सुंदर हे तर आहेच, पण मूळ कारण एबोनाइटचा रंग टिकवणं हे होतं.

आता उरुशी. हा एका झाडाचा चीक असतो, आणि तो 'वाळत' नाही, निदान आपण ज्या अर्थाने रंग वाळला म्हणतो तसा नाही. उलट त्याला दमट हवा लागते. चिकातच एक एन्झाइम असतं, लॅकेज, ते ओलाव्यात हवेतला ऑक्सिजन घेऊन उरुशिऑल नावाच्या मुख्य घटकाचे रेणू एकमेकांत गुंफत नेतं आणि त्यातून कडक थर बनतो. त्यासाठी २० ते ३० अंश तापमान आणि साधारण ७० ते ८५ टक्के आर्द्रता लागते, म्हणून कारागीर पेनाचे भाग ओलसर ठेवलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. एक पातळ थर, मग कपाट, मग बारीक घासणं, मग पुढचा थर, असं कितीतरी वेळा. थर जाड लावला किंवा कपाटात ओलावा जास्त झाला तर वरची साय आधी कडक होते, खालचं ओलंच राहतं, आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. सुरकुती पडली की तो थर घासून काढायचा आणि परत पहिल्यापासून. हे वाक्य लक्षात ठेवा, प्रकरण इथेच अडकलंय.

अजून एक. पूर्ण कडक न झालेली उरुशी अंगाला लागली तर पुरळ येतं, खाज सुटते, फोड येतात. बिब्बा उततो ना, तसाच प्रकार, दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत. पूर्ण मुरलेली उरुशी मात्र काहीच करत नाही, रोज हातात धरा. म्हणजे अशा पेनात घाई करणं हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही, कच्ची लाख तुमच्या बोटांना लागणार असते.

निबचं थोडक्यात. १४ कॅरेट म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं, म्हणून निबवर ५८५ कोरलेलं असतं. टोकाला कठीण मिश्रधातूचा एक बारीक मणी जोडलेला असतो, कागदावर घासतो तो तो मणी, सोनं नाही. छोटी वर्कशॉप निब स्वतः बनवत नाहीत, ती विकत घेतात, आणि जगभरातल्या बहुतेक छोट्या कारागिरांची निब जर्मनीतल्या दोनच ठिकाणांहून येते, हायडेलबर्गची बॉक आणि बर्लिनची योवो. तिकडे उशीर झाला की इकडे पन्नास ठिकाणी पेनं निबवाचून पडून राहतात, त्यामुळे 'निब आली नाही' हे कारण ऐकायला बहाण्यासारखं वाटलं तरी बऱ्याचदा खरं असतं.

काय काय झालं

४१ व्या दिवशी न विचारता एक फोटो आला. टोपण आणि नळी कातून तयार, अजून लाख नाही, नुसतं मॅट काळं एबोनाइट, आटे स्वच्छ पडलेले, शेजारी मापाची पट्टी. ७० व्या दिवशी दुसरा, खालचे लाल थर चढलेले. मी तमेनुरी प्रकार मागितला होता, त्यात खाली लाल आणि वर गडद पण अर्धपारदर्शक लाख असते, कडांवर वरचा थर पातळ पडतो तिथे खालचा लाल दिसतो. फोटो बघून मी दिवसभर खुशीत होते.

मग ११२ वा दिवस आला आणि गेला, काहीच नाही. ११९ ला मी मेल टाकला, 'पेन कधी पाठवताय?' एवढाच. उत्तर नऊ दिवसांनी आलं, हवा कोरडी आहे, थर धरायला वेळ लागतोय, तीन आठवड्यांत पाठवतो. पटलं, कारण हवेचं वर जे सांगितलं ते मला माहीत होतं. पण तारीख मिळाल्यामुळे मी तारखेलाच चिकटले. तीन आठवडे होत आले तसा १४७ ला परत तोच प्रश्न, कधी? यावेळी उत्तर आलं की निब यायच्या आहेत, आल्या की लगेच. इथे माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली, कारण दिरंगाईचं कारणच बदललं होतं, आधी हवा आणि आता निब, आणि लाखेचं पुढे काय झालं याबद्दल एक अक्षर नाही.

१५८ व्या दिवशी आपोआप आलेला मेल, ट्रॅकिंग नंबरसकट. मला इतका आनंद झाला की मी शाई कोणती भरायची हे ठरवायला बसले.

आणि मग १४ दिवस स्क्रीनवर एकच ओळ. लेबल तयार झालंय, वस्तू अजून पोस्टाकडे आलेली नाही.

या ट्रॅकिंग नंबरावर मी त्या दोन आठवड्यांत जेवढं वाचलं तेवढं आयुष्यात वाचलं नसेल, आणि ते उपयोगाचं आहे म्हणून सांगते. आंतरराष्ट्रीय पोस्टाच्या नंबराला जागतिक टपाल संघाचा एकच साचा आहे, एकूण १३ जागा. आधी सेवेची दोन रोमन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. नऊ आकड्यांतला शेवटचा हा पडताळणीचा आकडा असतो. आधीच्या आठ आकड्यांना ओळीने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं, आणि बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० धरायचं, ११ आलं तर ५. समजा आठ आकडे आहेत ६०५१८२७४. गुणाकार ४८, ०, २०, २, २४, १०, ६३, २८, बेरीज १९५, ११ ने भागून बाकी ८, अकरातून आठ गेले तीन, म्हणजे नववा आकडा ३ हवा. कोणी मनाने नंबर ठोकून दिला असेल तर तो बहुतेक वेळा इथेच उघडा पडतो.

माझा नंबर बरोबर निघाला. मला वाटलं झालं, माणूस खरा आहे. पण थोडं शांतपणे विचार केला तर नंबर बरोबर असण्याचा अर्थ एवढाच होतो की कोणीतरी पोस्टाच्या सिस्टीममधून रीतसर लेबल काढलंय. लेबल घरी बसून काढता येतं, पेन तयार नसतानाही काढता येतं. पार्सलचा खरा पुरावा म्हणजे पहिलं स्कॅन, पोस्टाच्या माणसाने ते हातात घेतल्याची नोंद, त्याआधीचं सगळं पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरच असतं. मी दोन आठवडे जे बघत होते ते पार्सल नव्हतंच, तो एक कागद होता.

ताईचा फोन

१७२ व्या दिवशी मावसबहिणीशी बोलत होते, ती हिशेबाचं काम करते, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. पेनचा विषय निघाला तर तिने पेनबद्दल काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न, 'पैसे कधी भरलेस? तारीख सांग.'

सांगितली. ती म्हणाली, 'अगं, पेपालवर वस्तू मिळाली नाही म्हणून तक्रार करायला पैसे भरल्यापासून १८० दिवस असतात. तुझे आठ राहिलेत. तुला माहिती होतं का हे?'

नव्हतं. म्हणजे कुठेतरी वाचलं असणार, पण ११२ दिवसांच्या ऑर्डरला १८० दिवस म्हणजे भरपूर असं वाटून मी ते डोक्यात ठेवलंच नव्हतं. तिने अजून एक सांगितलं की तक्रार उघडली की विषय संपला असं नाही, २० दिवसांच्या आत ती दाव्यात, म्हणजे निकाल पेपालनेच द्यावा अशा मागणीत, बदलावी लागते नाहीतर आपोआप बंद होते आणि परत उघडता येत नाही. कार्डाने पैसे भरले तर बँकेचे नियम आणि मुदती वेगळ्या, त्या आपल्या बँकेच्या बघायच्या. पण मुद्दा तोच, आपण थांबायला कितीही तयार असलो तरी आपल्या हक्काची मुदत आपल्यासाठी थांबत नाही, आणि हाताने बनणाऱ्या पेनाची मुदत या मुदतीच्या पलीकडे सहज जाते.

मी म्हटलं, 'ताई, तक्रार केली तर ते चिडतील, पेन मिळायचंच नाही. आणि एकटा माणूस आहे गं, पैसे अडकले त्यांचे तर कामच थांबेल.'

ती म्हणाली, 'तक्रार म्हणजे शिवी नाही. आणि तुला त्या माणसाची एवढी काळजी आहे तर त्याला नीट प्रश्न तरी विचार. तू नुसतं कधी कधी करतेयस. कधीला काय, काहीही सांगता येतं.'

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात रुतलं. त्या रात्री मी जुने सगळे मेल काढून वाचले. ४१ आणि ७० व्या दिवशीच्या मेलमध्ये पेन होतं, म्हणजे फोटोत होतं, शब्दांत होतं, काय झालं आणि आता काय करणार हे होतं. १२८ पासून पुढच्या मेलमध्ये पेन नव्हतं, तारखा होत्या. आणि त्या तारखा मीच मागितलेल्या होत्या.

मग दोन वर्षांपूर्वीची एक ऑर्डर आठवली, दुसरीकडची. तिथे चार महिन्यांत चार मेल आले होते आणि चारही शब्दशः एकच होते, लवकरच पाठवतोय, धीर धरल्याबद्दल आभार. त्याच काळात त्यांच्या पानावर नव्या ऑर्डरींना सूट चालू होती. मी ते तेव्हा जोडून बघितलंच नाही. जुन्यांची पेनं बाकी असताना नव्यांना सूट देणं याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की नव्यांच्या पैशांतून जुन्यांचं सामान येतंय, आणि हा गाडा ज्या दिवशी नवे येणं थांबतात त्या दिवशी बसतो. तसंच झालं, दुकान बंद, पेनही नाही आणि पैसेही नाहीत. ते अजून मनाला लागून आहे, रकमेपेक्षा यासाठी की चारही मेल समोर होते आणि मी ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले नाहीत.

म्हणून त्या रात्री या माणसाचं पान उघडून बघितलं. नव्या ऑर्डरी घेणं बंद केलं होतं. कधीपासून? साधारण १४० व्या दिवसापासून. ही मला त्या पूर्ण प्रकरणातली सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटली आणि आजही वाटते. ज्याला पैसे फिरवायचेत तो नव्या ऑर्डरी बंद करत नाही.

तीन प्रश्न

१७३ ला सकाळी मेल लिहिला. 'कधी' हा शब्द त्यात एकदाही येऊ दिला नाही. तीनच गोष्टी विचारल्या. एक, पेन आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, कितवा थर, त्याचा आजचा फोटो, शेजारी कागदावर हाताने आजची तारीख आणि माझं नाव लिहून. दोन, निब तुमच्या हातात आली आहे का, आली असेल तर तिचाही फोटो. तीन, लेबल काढलंय पण पोस्टात स्कॅन नाही, तर पार्सल खरंच बांधलं गेलंय का. आणि खाली सरळ लिहिलं की माझी तक्रारीची मुदत १८० व्या दिवशी संपते, मला तक्रार करायची इच्छा नाही, पण १७६ पर्यंत उत्तर आलं नाही तर करावी लागेल. तक्रारीचा मजकूर लिहून तयारही ठेवला होता, ताईने वाचून दोन वाक्यं कापली.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, आणि मोठं आलं.

फोटोत नळी एका लाकडी काठीवर अडकवलेली, कपाटाच्या आत, मागे ओलं फडकं दिसत होतं. शेजारी माझ्या नावाची चिठ्ठी. आणि नळीच्या साधारण मध्यावर, आटे संपतात त्याच्या थोडं वर, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत लाख चुण्या पडून गोळा झालेली, सायीसारखी. त्यांनी लिहिलं होतं की ११२ दिवस उलटून गेले, माझा मेल आला, आणखीही दोघांचे आले, म्हणून त्यांनी एक थर नेहमीपेक्षा जाड लावला आणि कपाटात ओलावा वाढवला, लवकर धरावा म्हणून. थर सुरकुतला. तो घासताना खालच्या लालपर्यंत गेला, म्हणजे फक्त एक थर नाही, जवळजवळ अर्धं काम परत. हे सांगायचा धीर झाला नाही म्हणून निबचं कारण पुढे केलं, निब खरंच उशिरा आल्या होत्या पण १५० च्या आसपास आल्याही होत्या. आणि लेबल काढलं कारण विक्रीची सिस्टीम त्यांना ऑर्डर उशिरा जातेय म्हणून सारखी आठवण करत होती, नंबर टाकला की ती गप्प बसते. निबचा फोटोही होता, ५८५ स्पष्ट दिसत होतं.

मला राग आला, खोटं नाही सांगत. निबचं कारण पुढे करून खरं लपवणं ही सरळ थाप होती आणि नुसतं लेबल काढून नंबर पाठवणं ही त्याहून वाईट, कारण त्या नंबराच्या भरवशावर मी मुदत संपेपर्यंत गप्प बसले असते. त्यांचा हेतू तसा नसेल, पण परिणाम तोच झाला असता. हे मी त्यांना लिहिलंही. पण त्याचबरोबर तो फोटो बघून पोटात कालवलं, कारण ती सुरकुती माझ्या 'कधी पाठवताय' मधूनही आलेली होती. कारागिराला तारीख विचारली की तो तारीख देतो, आणि दिलेली तारीख पाळायला काम पळवतो, आणि ही लाख पळत नाही. त्याऐवजी मी १२० व्या दिवशीच 'कितव्या थरावर आहात' असं विचारलं असतं तर कदाचित तेव्हाच खरं उत्तर मिळालं असतं, की अजून पाच बाकी आहेत, आणि मी थांबले असते. मला थांबायचं नव्हतं असं नव्हतंच.

तोडगा

आता प्रश्न असा की माणूस खरा आहे, पेन खरं आहे, काम बाकी आहे दोन-तीन महिन्यांचं, आणि मुदत उरलीय पाच दिवस. तक्रार केली तर पैसे सुरक्षित पण पेन जाणार, कारण दावा आपल्या बाजूने लागला की ऑर्डरच संपते. नाही केली तर सगळे पैसे फक्त विश्वासावर.

ताई म्हणाली दावा कर, पैसे घे, पेन तयार झालं की परत विकत घे. हिशेबाने तिचं बरोबर होतं. पण माझ्या हाताच्या मापाने कातलेलं, माझ्यासाठी रंग ठरवलेलं पेन होतं, आणि एकट्या माणसाच्या खात्यावर दावा लागला तर बाकीच्या ऑर्डरींवरही त्याचा भार पडतो. मी मधला रस्ता मागितला. अर्धे पैसे आत्ता, १७८ च्या आत परत करा. पेनचं पहिलं खरं स्कॅन दिसलं की मी ते अर्धे पुन्हा पाठवते. म्हणजे मुदत संपल्यानंतर माझी जोखीम अर्धी, आणि सामानाचा खर्च भागेल एवढे पैसे त्यांच्याकडे. सोबत एक अट, महिन्यातून एकदा फोटो, तारीख सांगू नका, थर सांगा.

१७७ ला अर्धे पैसे परत आले. मी १८० वा दिवस तक्रार न करता जाऊ दिला.

हा तोडगा सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही. मोठ्या दुकानातून तयार पेन मागवलं असेल, साचेबंद, गोदामात असायला हवं असं, तर तिथे थर वगैरे काही नसतं, तिथे उशीर म्हणजे एकतर माल नाही किंवा गडबड आहे, आणि सरळ पैसे परत मागावेत, मुदतीच्या आत. माझ्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र होत्या, पेन फोटोत दिसत होतं, नव्या ऑर्डरी बंद होत्या, आणि अर्धे पैसे मागितल्यावर तीन दिवसांत आले. यातली तिसरी नसती तर बाकी दोन असूनही मी तक्रार केली असती.

पुढचे दोन महिने शांत गेले. खरंच शांत, कारण काय चाललंय ते माहीत होतं. १९८ ला लाल पुन्हा पूर्ण. २२४ ला वरचे गडद थर, शेवटचं घासणं बाकी, आणि त्यांनी आपणहून लिहिलं की यानंतर निदान दहा दिवस नुसतं मुरायला ठेवणार आहेत. मी लिहिलं, हवं तर वीस ठेवा. २३६ ला पहिलं स्कॅन पडलं, २३७ ला मी राहिलेले पैसे पाठवले, २५१ ला पार्सल दारात. मधे कस्टममध्ये चार दिवस, त्यात काही विशेष नाही.

हातात आल्यावर

उघडलं तेव्हा हलकासा आंबूस वास आला, नव्या उरुशीला येतो तसा, काही आठवड्यांत गेला. टोपणाची कड उजेडात धरली की केसाएवढी लाल रेघ दिसते, बाकी पेन जवळजवळ काळं. सुरकुती होती ती जागा मी भिंगाखाली शोधली, बोटाने चाचपली. सापडली नाही.

निब मात्र पहिल्या दिवशी नीट चालली नाही. शाई भरायच्या आधी साध्या पाण्याने धुतली, तरी दर दोन-तीन शब्दांनी पहिला फटकारा कोरा जायचा, दाबलं की मग शाई यायची. १० पट भिंगातून बघितलं तर टोकाचा मणी चिरेच्या (निबच्या मधोमध असते ती, तिच्यातून शाई उतरते) दोन्ही बाजूंनी जास्तच गोल घासला गेला होता, त्यामुळे चिरेतली शाई कागदापर्यंत पोचत नव्हती, मधे बारीकशी पोकळी राहायची. गुळगुळीत करायच्या नादात होतं हे. मी मेल केला, यावेळी फोटोसकट आणि नेमकं काय होतंय ते लिहून, कोणता कागद, कोणती शाई, किती शब्दांनी. त्यांनी परत पाठवायला सांगितलं नाही, सगळ्यात बारीक घासपट्टीवर इंग्रजी आठचा आकडा काढत हलक्या हाताने किती वेळा फिरवायचं ते लिहून पाठवलं, दर पाच फेऱ्यांनी लिहून बघा, जास्त नको, काढलेलं परत चढवता येत नाही. पंधरा फेऱ्यांत चालू झाली.

त्यांच्या पानावर आता १६ ऐवजी ३६ ते ४० आठवडे लिहिलंय आणि पैसे आधी अर्धेच घेतात. ताईने तेवढं वाचलं आणि म्हणाली, माझ्यासाठी पण एक सांग, फक्त भरल्याची तारीख आधी कॅलेंडरात टाक.

उरुशी जसजशी जुनी होते तशी वरची लाख पारदर्शक होत जाते आणि खालचा लाल वर येतो, हे मी वाचलं होतं. पेन येऊन आता सात महिने झालेत. टोपणाच्या कडेची रेघ केसाएवढी होती, ती आता दोऱ्याएवढी दिसते.